सिमेंटवाल्यांचा रंग

काही गावांत किस्से शोधावे लागतात. आमच्यात ते आपोआप साचतात, शाळेच्या भिंतीवर रंगाचे थर साचलेत तसे. खालचा थर खरवडायला कुणी येत नाही, आणि वरून नवा मारायला दरसाल माणसं तयार! परवा विहाराच्या ओट्यावर बसलो होतो, तर पोरं म्हणाली, सिद्धू, तू तीन वर्षं त्या कंपनीचा माणूस होतास, सांग की काहीतरी. सांगतो म्हटलं. हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या.

आधी लागेल तेवढी माहिती. गाव जिंतूर तालुक्यातलं. नाव सांगत नाही. सांगितलं तर गावातली म्हातारी मंडळी माझ्या बापाला धरतील आणि बाप मला. कंपनी सिमेंटची. मोठी, टीव्हीवर जाहिरात येते एवढी मोठी. परभणीत तिचं ऑफिस आहे, गोडाऊन आहे. तिथले आणि वरच्या ऑफिसचे लोक वर्षातून एकदा आमच्या जिल्हा परिषद शाळेत 'सेवा दिवस' करायला येतात. मी सिव्हिलचा डिप्लोमा तिसऱ्या सेमिस्टरनंतर सोडून घरी बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला 'स्थानिक समन्वयक' केलं. म्हणजे बस कुठं लावायची ते दाखवायचं आणि बादल्या भरून द्यायच्या.

आणि माझी माय त्याच शाळेत खिचडी शिजवते. खिचडीची खोली शाळेच्या कडेला, एकटी, जुन्या स्लॅबची. स्लॅबच्या सळया उघड्या पडल्यात, गंजून फुगल्यात, आणि त्यांच्या बरोबर खाली मायची चूल. एवढं ध्यानात ठेवा. पुढचं सगळं या स्लॅबखाली घडलंय.

*

ही सेवा सुरू कशी झाली, ते कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं छापलंय. त्यात एका मोठ्या साहेबांना विमानात कल्पना सुचली असं आहे.

खरं असं आहे की परभणीच्या गोडाऊनला आमच्या गावचे शेख मामा हमाल होते. त्याआधी गवंडी. ट्रकमधून उतरवताना गोणी फुटली की सांडलेलं सिमेंट तिथले लोक झाडून फेकून द्यायचे. मामा सुपरवायझरला विचारून ते पिशवीत भरायचे आणि रविवारी एसटीनं गावाकडं आणायचे. त्यात त्यांनी शाळेची पायरी बांधली, हौदाची गळती बंद केली, मुलींच्या संडासाची चौकट पक्की केली. कुणी सांगितलेलं नव्हतं. थापी त्यांची, रविवारही त्यांचाच. पुढचे दोन रविवार त्यांनी मायच्या स्लॅबसाठी राखून ठेवले होते.

तेवढ्यात कुणीतरी फोटो काढून वर पाठवला. परभणीच्या हॉलमध्ये मामांचा सत्कार झाला. शाल, नारळ, सहीचं मानपत्र, 'आमचे पहिले स्वयंसेवक' म्हणून टाळ्या. सोमवारी कामावर गेले तर हातात कागद पडला. सांडलेलं सिमेंट ही कंपनीची मालमत्ता, बाहेर का नेलं याचा खुलासा द्या.

मामा मला म्हणाले, "शाल वापस देऊ का खुलासा देऊ, समजंना बाबा. दोन्हीवर सही एकाच सायबाची."

*

पुढच्या वर्षी मामांच्या जागी चाळीस माणसं आली.

निळे टीशर्ट, निळ्या टोप्या. त्यांची बस देवगाव फाट्याला भलतीकडं वळली म्हणून दोन तास उशीर झाला. तोपर्यंत आमची शाळा उन्हात रांगेत उभी. मी तेव्हा दहावीला होतो, टाळ्या वाजवायला मलाही पकडून आणलं होतं. हेडसरांनी स्वागताचं भाषण केलं, सरपंचांनी केलं, मग सरपंचांच्या भावानं केलं. आमच्याकडच्या जुन्या माणसांना माईक दिसला की बोलायला काही असावं लागत नाही.

मायला वाटलं, सिमेंटची कंपनी आलीय म्हणजे स्लॅब होणार. सकाळपासून तिनं खोलीतली सगळी भांडी बाहेर काढून ठेवली होती, काम करणाऱ्यांना अडचण नको म्हणून.

बसमधून रंगाचे डबे उतरले.

कंपनीच्या मॅडम होत्या, सेवेचं सगळं बघणाऱ्या. स्वभावानं चांगल्या, अजूनही चांगल्याच आहेत. पुढं मी त्यांच्याच हाताखाली लागलो तेव्हा एकदा विचारलं, सिमेंटचे लोक तुम्ही, मग रंगच का? त्यांनी सरळ सांगितलं. रंगाचा फोटो येतो. आधीची भिंत, नंतरची भिंत, बघणाऱ्याला लगेच कळतं. "स्लॅबचं तसं नाही ना सिद्धार्थ. तो आधीही वरच असतो, नंतरही वरच."

संध्याकाळी मायनं भांडी परत आत नेली.

*

मी समन्वयक झालो त्या वर्षी मोबाईलवर ॲप आलं. प्रत्येक माणसानं वर्षाला आठ तास सेवा केलीच पाहिजे, आणि मोबाईल शाळेच्या आवारात असेल तरच तास धरले जाणार, असा नियम. आता चाळीस माणसं आणि एक भिंत, दोन तासांत काम खलास. राहिलेले सहा तास काय करायचे?

एकानं डोकं चालवलं. मोबाईल इथं असला म्हणजे झालं, माणूस असलाच पाहिजे असं कुठं आहे? बऱ्याच जणांना पटलं. मला म्हणाले, तू सांभाळ, आम्ही जिंतूरला जेवून, नेमगिरी बघून येतो. मी मायची मोठी परात आणली. त्यात सत्तावीस मोबाईल ठेवले आणि परात खिचडीच्या खोलीत नेऊन ठेवली, उन्हानं तापू नयेत म्हणून. दुपारभर मायच्या परातीनं सेवा केली. मधूनमधून परात थरथरायची. माय म्हणाली, "कोनाच्या तरी घरून फोन यायलाय रं. उचलू का? सांगू का, तुमचा मानूस सेवेला गेलाय म्हनून?"

चार वाजता स्लॅबचा एक पोपडा सुटला आणि परातीत पडला. तीन मोबाईल फुटले!

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या स्लॅबची लेखी नोंद झाली. पहिल्यांदा कुणीतरी वर मान करून बघितलं. दुसऱ्या दिवशी परभणीहून सेफ्टीचा माणूस आला. हेल्मेट घालून दारातूनच फोटो काढले, मान हलवली, गेला. मी मायला म्हटलं, झालं आपलं काम.

आठ दिवसांत परिपत्रक आलं. खिचडीची खोली धोकादायक आहे, सबब कोणत्याही स्वयंसेवकानं त्या खोलीचं दार उघडू नये व आत पाऊल ठेवू नये.

मायनं त्या दिवशी आत बसून दीडशे पोरांची खिचडी केली.

*

आता आमच्या वडीलधाऱ्यांचा किस्सा. यांच्याविषयी गोड बोलायला मला जमत नाही, सवय करायचा प्रयत्न केला.

मामा तोपर्यंत निवृत्त होऊन गावातच आले होते. त्यांनी आणि मी शिडी लावून स्लॅब तपासला. मामा थापीच्या मुठीनं ठोकत जायचे आणि कान लावायचे. जिथं आवाज बद्द, तिथं खडूची खूण. निम्म्याच्या वर खडू झाला. मी वहीत सगळं मांडलं. टेकू किती, सळया घासायच्या किती, नव्या टाकायच्या किती, सिमेंट किती गोण्या. मजुरी आमची दोघांची, फुकट. तिसऱ्या सेमिस्टरपर्यंत शिकलो होतो ते सगळं त्या चार पानांत ओतलं. आयुष्यात एवढ्या चांगल्या अक्षरात मी कधी लिहिलं नव्हतं.

हेडसरांकडं गेलो. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "तुझे सेमिस्टर झाले तीन. स्लॅब पाचव्याला असतो."

मग खरं बोलले. खोली धोकादायक असं त्यांनी लेखी दिलं तर चौकशी लागणार, इतकी वर्षं काय करत होतात म्हणून. सरकारी इमारतीला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. परवानगी मागायची तर धोकादायक असं लिहावं लागतं. रंगाला मात्र परवानगी लागत नाही. माय बाहेर झाडाखाली शिजवते म्हणाली तर तेही नको, तपासणीला कुणी आलं तर विचारील. "माझे दोन वर्षं नीट जाऊ दे बाबा. मग तुमाला काय पाडायचं ते पाडा."

सरपंचांकडं गेलो. ते म्हणाले कंपनीला सांग कमान बांधा, माझ्या वडिलांच्या नावाची.

आमच्याच वस्तीतले एक साहेब आहेत, शिकून सरकारी इंजिनियर झालेले. दरवर्षी विहारात येऊन आम्हा पोरांना समाजाचं ऋण फेडा म्हणून दीड तास सांगतात. त्यांना म्हटलं, या अंदाजपत्रकावर तुमची सही द्या, माझं शिक्षण अर्धवट आहे. ते खोलीत आले, वर बघितलं आणि झटकन बाहेर आले. चप्पल घालताना हळूच म्हणाले, "पडतोय तो. पन माझं नाव कुठं घेऊ नको."

आणि माझा बाप! त्यानं मला सायबांपुढं तोंड उघडू नको म्हणून बजावलं, चिकटून राहिलास तर कायमचा लावतील म्हणे. बायको ज्या स्लॅबखाली बसते तिथं तो स्वतः रोज डबा घेऊन खिचडी आणायला जायचा. दारातूनच हात पुढं करायचा.

*

राहिल्या मॅडम. वही घेऊन परभणीला गेलो. त्यांनी चारही पानं वाचली. मन लावून वाचली, हे मी बघितलं. मग पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. सिमेंट हा कंपनीचा माल. माल द्यायचा तर तो विभाग वेगळा, त्याची समिती मुंबईत. ती समिती इंजिनियरच्या सहीशिवाय कागद उघडतसुद्धा नाही. सेवेच्या विभागाला एक गोणी देता येत नाही.

"आमच्याकडे देण्यासारखा फक्त वेळ आहे रे," त्या म्हणाल्या.

खिडकीतून गोडाऊन दिसत होतं. छपरापर्यंत गोण्या. एक ट्रक खाली होत होता, एक गोणी फुटली, आणि एक पोरगं झाडू घेऊन आलं.

*

त्या वर्षी त्यांनी खिचडीच्या खोलीची बाहेरची भिंत घेतली. पिवळा रंग, वर सूर्य, फुलं, आणि खाली हातभर अक्षरांत 'सुरक्षित शाळा, आनंदी शाळा'. अक्षर छान होतं. वरच्या ऑफिसातल्या एका साहेबांनी स्वतः काढलं होतं, पाय दुखेपर्यंत उकिडवे बसून. त्या माणसाला नावं ठेवत नाही मी. त्यानं मनापासून काढलं, आणि मागं सरकून सरकून बघत होता.

त्यानं मायला विचारलं, "मावशी, वाचता येतं का?"

माय सातवी शिकलीय. म्हणाली, "येतं की. आत येऊन लिवायचं होतं सायेब, मला आत बसून वाचाय आलं असतं."

साहेब हसले. परिपत्रक होतं ना, आत जायचं नव्हतं.

*

आता शेवटचा. हा सांगताना मी दरवेळी कुठंतरी अडकतो, तर मधे बोलू नका.

मामांनी आणि मी लिंबाचे चार जाड दांडके आणून खोलीत टेकू लावले होते. त्याला कुणाची सही लागली नाही. माय त्या टेकूंच्या मधून वाट काढून चुलीपाशी बसायची. आठ महिने असे गेले. पुढचा सेवा दिवस शनिवारी होता. शुक्रवारी हेडसरांनी दोन पोरांना लावून टेकू काढले आणि मैदानामागं टाकले. पाहुणे दारातून डोकावले तर टेकू दिसतील, आणि टेकू दिसले की कशाला लावले म्हणून विचारतील. त्यांचे तेव्हा चार महिने राहिले होते.

मला हे कळलं शनिवारी, बादल्या भरताना. मी हेडसरांवर ओरडलो. चाळीस निळे टीशर्ट वळून बघायला लागले. मॅडमनी मला बाजूला घेतलं आणि आजच्या दिवस नको म्हणाल्या. मी आजच्या दिवस गप्प बसलो. हे माझंही लिहून ठेवा कुठंतरी.

त्या दिवशी खिचडीच्या खोलीचं दार राहिलं होतं, म्हणून दार घेतलं. ऑइल पेंट, आकाशी. आता, दार रंगवायचं तर उघडं ठेवून रंगवतात, हे गवंड्याच्या शेळीलाही माहीत असतं. पण परिपत्रक काय सांगतं? दार उघडू नये. म्हणून त्यांनी बंद दार रंगवलं. चौकट, फळी, बिजागरी, कडी, सगळं एकत्र, दोन दोन हात, फटीत ब्रश घालून घालून. एवढं मन लावून चाळीस माणसांनी एक दार रंगवलेलं मी कुठं बघितलं नाही. फोटो झाले, बस गेली.

सोमवारी माय शिजवायला गेली तर दार उघडेना. रंगानं चौकटीला धरलं होतं. तिनं खांदा लावला, लाथ घातली. हेडसर ऑफिसातून ओरडले, रंग खरचटू नका, फोटो वर गेलेत. मग त्यांनी मला पिटाळलं, शेख मामाकडून पहार घेऊन ये, पण हळू काढायचं.

मी गेलो. मामा नमाजाला बसायच्या बेतात होते. पहार कोपऱ्यात होती, ती काढण्यात वेळ गेला. इकडं माय वाट बघून कंटाळली. शनिवारी घासलेलं पातेलं हौदावरच राहिलं होतं. तांदूळ ऑफिसात असतात. तिनं लिंबाखाली तीन दगड मांडले आणि खिचडी टाकली. हेडसर तपासणीचं काहीतरी बोलले असतील. तिनं ऐकलं नाही.

मी आणि मामांनी फाटकातून आत पाऊल टाकलं आणि स्लॅब आला.

आवाज फार मोठा नव्हता. ट्रक खाली होताना येतो तसा. पाठीमागची भिंत गेली, वरून धुरळा उठला, आणि मधे ते आकाशी दार तसंच उभं. एक ओरखडा नाही त्याला. मामांनी पहार हळूच जमिनीवर ठेवली. मायच्या हातात पळी होती, ती हलवत राहिली, हात थांबतच नव्हता तिचा. मग म्हणाली, "पोरं मोजा आधी."

पोरं मोजली. सगळी होती.

हेडसर चार महिन्यांनी निवृत्त झाले. निरोपाला सरपंच, सरपंचांचा भाऊ, आमचे इंजिनियर साहेब, सगळे बोलले, निष्कलंक सेवा म्हणाले. माझ्या बापानं हार घातला. नवी खोली मंजुरीला गेलीय, अजून तिकडंच आहे. माय लिंबाखाली शिजवते.

कंपनीनं मात्र ही गोष्ट उचलली. रंगानं वाचवला जीव! परभणीच्या त्याच हॉलमध्ये मायला बोलावलं, त्याच स्टेजवर, तशीच शाल. मोठे साहेब म्हणाले, आपल्या चाळीस सहकाऱ्यांनी त्या दिवशी ते दार रंगवलं नसतं तर आज ही माउली इथं नसती. खोटं नव्हतं ते. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी मागच्या रांगेत मामांच्या शेजारी. मामांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, मांडीवर हात ठेवून बसले होते.

साहेबांनी मायपुढं माईक धरला. मावशी, कंपनीकडून तुमची काही अपेक्षा?

माय विहारात नेसते त्या पांढऱ्या साडीत उभी, हातात नारळ. मला वाटलं आता ती बोलणार. गोण्या, वही, टेकू, सगळं काढणार.

ती म्हणाली, "दार आतल्या अंगानं राहिलंय. तेवढं रंगवून द्या."

हॉल हसला. साहेब हसले, आणि कुणाला तरी लिहून घ्यायला सांगितलं.

आणि यंदा ते आले. शपथ घेऊन सांगतो, चाळीसच्या चाळीस. हेल्मेट घालून आले होते, तेवढं नवीन. ढिगारा कुणी उचललेलाच नाही, तर त्याच्यावर चढून, मोडक्या सळयांतून वाट काढत पलीकडं गेले, आणि मायच्या चुलीच्या जागेवर उभे राहून त्यांनी दाराची आतली बाजू आकाशी केली. बिजागरीसकट. मी समन्वयक नव्हतो, सोडलं होतं, पण बघायला गेलो होतो. ब्रशचा आवाज तेवढा येत होता.

दुपारी मायनं लिंबाखाली सगळ्यांना खिचडी वाढली. मॅडम ताट घेऊन तिच्याशेजारीच बसल्या. चेहरा उतरला होता त्यांचा, घास तसाच हातात. त्यांनी हळू विचारलं, "मावशी, आता उघडायचं का ते दार?"

माय त्यांच्या ताटात अजून एक पळी वाढत म्हणाली, "ओलं हाय अजून, बाई. वाळू द्या."